मागचं किती होतं?

सकाळी साडेसातला शटर वर गेलं की पहिल्या बाकावर डायलिसिसचे लोक बसलेले असतात. त्यांना ओळखायला केसपेपर लागत नाही. एक हात ते सांभाळून मांडीवर ठेवतात आणि दुसरा पुढे करतात. सांभाळलेल्या हातात फिस्टुला असतो. शीर आणि धमनी जोडून फुगवलेली ती जागा; बोट ठेवलं तर आतून सतत थरथर लागते. त्या हाताला सुई लावायची नाही, बीपीचा पट्टा बांधायचा नाही, हे डीएमएलटीला असताना पुस्तकात वाचलं होतं; पाठ करून घेतलं ते पेशंटांनी. लॅबमध्ये नवा लागलेला मुलगा त्या हाताकडे वळला की अख्खा बाक ओरडतो.

बीडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत. रिपोर्टवर सही मॅडमची, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्टची. सुई आणि मशीन माझं. दुपारी रिपोर्ट न्यायला आलेला माणूस मोंढ्यात कापसाचा भाव विचारावा इतक्या सरावाने विचारतो, "क्रिएटिन किती आलं?" त्यावर मीच त्याला उलट विचारतो, "मागचं किती होतं?" हा प्रश्न सगळ्यांनाच लागू पडतो, पण किडनी बसवून घेतलेल्या माणसाच्या बाबतीत त्याच्याइतका कामाचा प्रश्न दुसरा नाही.

रक्तातला कचरा म्हणून आम्ही रोज जे मोजतो ते मुख्यतः दोनच पदार्थ, युरिया आणि क्रिएटिनिन. डाळ खा, दूध प्या, मटण खा, प्रथिनांतला नायट्रोजन शेवटी अमोनियाच्या रूपात सुटतो. अमोनिया मेंदूला सोसत नाही, म्हणून यकृत त्याचा युरिया करून टाकतं. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. स्नायूंत क्रिएटिन नावाचा पदार्थ साठलेला असतो, त्यातला रोज एक-दोन टक्के आपोआप क्रिएटिनिन बनतो आणि रक्तात उतरतो. साठ किलोच्या माणसात दिवसाला साधारण एक ग्रॅम. एकादशी असो की लग्नाची पंगत, त्यात फार फरक पडत नाही. युरिया मात्र जेवणाप्रमाणे, तापाप्रमाणे, पाणी किती प्यालं त्याप्रमाणे वरखाली होतो. म्हणून डॉक्टरांचा भरवसा क्रिएटिनिनवर जास्त.

हे मोजायची पद्धत १८८६ सालची आहे. याफे नावाच्या जर्मन संशोधकाने पाहिलं की पिक्रिक आम्ल आणि अल्कली यांच्या मिश्रणात क्रिएटिनिन मिसळलं की पिवळ्याचा नारिंगी रंग होतो. सेमी-ऑटो मशीनच्या काळात दिवसभर त्या पिक्रेटने माझी बोटं पिवळी असायची आणि घरी हळदीच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यासारखा दिसायचो. आता ऑटोअनालायझर सगळं आत करतो, बरेच जण एन्झाइमची पद्धतही वापरतात. पण साध्या रसायनावर चालणारी याफेची चाचणी स्वस्त पडते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी स्वस्त असण्याला किंमत आहे.

लोकांचा मोठा गैरसमज असा की क्रिएटिनिन हेच विष. ते काढलं की माणूस बरा. खरं तर क्रिएटिनिन बिचारं फारसं काही करत नाही. किडनी किती काम करते याची साक्ष तेवढी देतं. त्रास देणारे पदार्थ दुसरेच, आणि त्यांतले कित्येक आमच्या मशीनला दिसतही नाहीत. उदाहरणार्थ, इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट. आतड्यातले जिवाणू प्रथिनांच्या तुकड्यांवर काम करून यांचा कच्चा माल बनवतात, यकृत त्यावर शेवटचा हात फिरवतं आणि मग हे रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून फिरतात. चिकटलेले असल्याने डायलिसिसच्या गाळणीतून ते नीट निघत नाहीत. निरोगी किडनी मात्र त्यांना नुसतं गाळत बसत नाही, तिच्या नळ्यांमधल्या पेशी ते रक्तातून ओढून लघवीत टाकतात. डायलिसिस वेळच्या वेळी होऊनही माणसाला खाज का सुटते, तोंडाची चव का जाते, डोकं जड का राहतं, यामागची कारणं बऱ्याच अंशी अशा पदार्थांत आहेत. किडनी बसवलेला माणूस महिन्याभराने लॅबमध्ये येतो तेव्हा आकड्याआधी सांगतो ते हेच, की खाज गेली आणि भाकरीला चव आली.

लघवीबद्दलचा गैरसमज तर याहून पक्का. आष्टीकडचे एक मामा मुलाचा रिपोर्ट हातात घेऊन माझ्याशी भांडले होते. "लघवी चांगली व्हायलीय की हो त्याला, सकाळ-संध्याकाळ. मग किडनी गेली कशी म्हनता?" मी त्यांना बाटली दाखवली. विहिरीच्या पाण्यासारखी नितळ लघवी. निरोगी माणसाची पहाटेची लघवी पिवळीधमक असते, कारण रात्रभरचा कचरा तिच्यात दाटलेला असतो. या मुलाची लघवी सकाळी, दुपारी, रात्री एकसारखीच. विशिष्ट गुरुत्व १.०१० च्या आसपास अडकलेलं. म्हणजे रक्तातलं पाणी जितकं दाट, तितकीच लघवी दाट. किडनीने त्यात आपलं काहीच केलेलं नाही. पाणी जात होतं, कचरा मागे राहत होता. मामांना हे पटलं की नाही कोण जाणे, पण बाटली उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले.

नेमकं मोजायचं तर चोवीस तासांची लघवी लागते. पाच लिटरचा कॅन देताना मी प्रत्येकाला एकच गोष्ट दोनदा सांगतो. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली धरून थांबायचं. तरीही शेतात गेलेला माणूस दुपारची बांधावर करून येतो आणि कॅन अर्धा आणून देतो. खोटं पकडायला क्रिएटिनिनच मदत करतं. साठ किलोच्या गड्याच्या चोवीस तासांत अर्धा ग्रॅमच क्रिएटिनिन निघालं आणि रक्तातलं काही चढलेलं नाही, तर उरलेलं पाटोद्याच्या शिवारात आहे असं समजायचं.

डायलिसिसवरच्या माणसाचे आकडे करवतीच्या दात्यांसारखे वर-खाली होत राहतात. मशीनला लागायच्या आधी युरिया १५०, चार तासांनी उतरल्यावर ५०, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. आठवड्याला तीन वेळा व्हावं असं शास्त्र सांगतं. धारूर किंवा शिरूर कासारच्या वाडीवरून येणारा माणूस दोनदा आला तरी मोठी गोष्ट. एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, परतीची शेवटची गाडी, या सगळ्यांतून जे जमतं ते डायलिसिस.

किडनी बसवायला आमच्या जिल्ह्याबाहेर जावं लागतं. छत्रपती संभाजीनगर, पुणे, नाहीतर मुंबई. मुंबईच्या केईएममध्ये १९६५ सालीच एक प्रयत्न झाला होता, तो टिकला नाही. जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसली ती १९७१ साली वेल्लोरला. त्याआधी बोस्टनमध्ये डिसेंबर १९५४ मध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली होती. जुळ्यांची म्हणून शरीराने ती परकी मानली नाही. बाकीच्यांना गोळ्या लागतात आणि माझं या लोकांशी जे नातं आहे ते बरंचसं त्या गोळ्यांमुळे आहे.

कायदा १९९४ चा. आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडं, यांची किडनी चालते. बाहेरच्या कुणाची असेल तर समितीची परवानगी लागते. मेंदू मृत झालेल्या माणसाची मिळायची असेल तर विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लावायचं. मराठवाड्याचं केंद्र संभाजीनगरला आहे. यादी लांब असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या ऑपरेशनसाठी आधी अडीच लाखांची मर्यादा होती, २०२३ मध्ये ती साडेचार लाख करण्यात आली. तरी गोळ्या जन्मभराच्या, आणि पेशंटच्या घरात योजनेपेक्षा जास्त बोललं जातं ते गोळ्यांच्या खर्चाबद्दल.

ऑपरेशन मी कधी पाहिलेलं नाही. पण परत आलेल्या माणसाच्या फाइलमध्ये दर तासाला लिहिलेला लघवीचा तक्ता असतो आणि तो मी इतर कुणी वर्तमानपत्र वाचावं तसा वाचतो. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली, पोटाच्या कोपऱ्यात बसवतात, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि तिची नळी मूत्राशयात सोडतात. जिवंत दात्याची किडनी असेल तर पुष्कळदा टेबलावरच लघवी सुरू होते. पहिल्या तासाला सहाशे, दुसऱ्याला आठशे मिलिलिटर असे आकडे असतात. चोवीस तासांत दहा लिटरपर्यंत गेलेले तक्ते पाहिलेत. वर्षभर दिवसाला दीड ग्लास पाण्यावर काढलेल्या माणसाला मग सलाइनने तासातासाला तितकंच पाणी परत द्यावं लागतं, नाहीतर नव्या किडनीचंच पाणी तुटायचं.

एवढी लघवी कशाने होते, तर साठलेल्या कचऱ्यानेच. एकदा रात्रपाळीला बसून मी हा हिशेब मांडला होता. साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ३६ लिटर पाणी असतं. युरिया त्या सगळ्या पाण्यात पसरतो, नुसत्या रक्तात राहत नाही. रक्तात १०० मिलिलिटरला १५० मिलिग्रॅम असेल तर अंगभर मिळून ५४ ग्रॅम झाला. नवी किडनी चालू झाली की हा युरिया लघवीत उतरताना आपल्यासोबत पाणी ओढून नेतो. वर अंगात साठलेलं जादा पाणी असतं, आणि नव्या किडनीच्या नळ्या अजून बावरलेल्या असतात. पाणी परत ओढून घेण्याचं त्यांचं काम पहिले काही दिवस नीट होत नाही.

क्रिएटिनिनचा हिशेब याहून देखणा आहे. आधी ९ असेल तर अंगात सव्वातीन ग्रॅम, म्हणजे तीन दिवसांचं उत्पादन साठलेलं. नवी किडनी मिनिटाला ६० मिलिलिटर पाणी साफ करू लागली असं धरलं तर दिवसाला ८६ लिटर होतात. अंगातल्या ३६ लिटरवरून तिचा हात दिवसातून दोनदा फिरतो. म्हणून ९ चे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी २ होतात आणि आठवड्याच्या आत सव्वाच्या आसपास येऊन आकडा थांबतो. तिथेच का थांबतो? रोज १.१ ग्रॅम नवं तयार होतंय आणि ८६ लिटरमधून ते निघतंय. भागाकार करा, १०० मिलिलिटरला १.२८ मिलिग्रॅम येतं. नातेवाईक विचारतात, "अजून खाली येईल ना?" येणार नाही. किडनी एकच आहे. तिच्या कुवतीप्रमाणे आणि त्या माणसाच्या स्नायूंप्रमाणे जो आकडा यायचा तो आला. यापुढे हाच त्याचा आकडा.

मेंदूमृत दात्याची किडनी असेल तर चित्र वेगळं. ती बर्फात घालून तासन् तास प्रवास करून आलेली असते, कधी लगेच जागी होत नाही. आठवडा-दोन आठवडे डायलिसिस चालूच राहतं, लघवी हळूहळू वाढते, आकडा पायरी-पायरीने उतरतो. अशा घरातल्या माणसांना दवाखान्यातून फोनवर ऐकलेला आकडा समजावून सांगण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्यात.

मग माणूस गावी येतो आणि आमचा बाक धरतो. आधी आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. आणि इथे तो छापील रकाना आडवा येतो. प्रत्येक रिपोर्टवर उजव्या बाजूला संदर्भ रेंज असते. क्रिएटिनिन पुरुषांसाठी ०.७ ते १.३, आमच्या मशीनप्रमाणे. आकडा बाहेर गेला की सॉफ्टवेअर तो जाड करतं आणि शेजारी चांदणी काढतं. ती रेंज दोन किडन्या असलेल्या निरोगी लोकांची आहे. एकीवर चालणाऱ्या, ती शाबूत ठेवायला रोज औषध घेणाऱ्या माणसाला तिचा उपयोग थोडा आणि गोंधळ फार.

केजचे एक गुरुजी आहेत. त्यांची किडनी वयस्क दात्याची, क्रिएटिनिन कायम १.८. कित्येक वर्षं १.७ ते १.९ च्या मध्ये. लॅबमध्ये नवा मुलगा लागला की त्यांचा रिपोर्ट देताना त्याचा चेहरा पडतो. गुरुजी हसून म्हणतात, "ते चांदणीचं काही मनावर घेऊ नका, ते माझं कायमचंय." त्यांची चांदणी जितकी निरुपद्रवी, तितकाच दुसऱ्या एकाचा चांदणी नसलेला आकडा मला बोचला होता.

तो माजलगावकडचा तरुण. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता, आता कारखान्यावर जात नाही, गावातच दुकान टाकलंय. आईची किडनी. त्याचं क्रिएटिनिन १.० वर बसलेलं. एका महिन्यात १.३ आलं. चांदणी नाही. तो खूश. "सर, रेंजमधी हाय की!" मी त्याला बसवून घेतलं. ०.१ चा फरक असता तर मी सोडून दिलं असतं, कारण तेवढा मशीनचाच असतो, आणि माणसाचं शरीरही रोज काही एकच आकडा देत नाही. १.० चे १.०८ झाले म्हणून रात्री अकराला फोन करणारे लोक आहेत. त्यांना मी झोपायला सांगतो. पण ३० टक्के वाढ म्हणजे दखल घ्यायची वाढ. कंट्रोल पुन्हा लावले, नमुना पुन्हा चालवला, तेवढंच.

मग माझी चौकशी सुरू झाली. अशा वेळी विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. काल कंदुरी होती का? शिजलेल्या मटणात क्रिएटिनिन असतं, ताटभर खाऊन सकाळी रक्त दिलं तर आकडा थोडा चढतो. जुलाब झाले का? पाणी तुटलं की युरिया आधी उसळतो, मागून क्रिएटिनिन. सेप्ट्रानची गोळी नवीन सुरू झाली का? प्रत्यारोपणानंतर फुप्फुसाचा एक संसर्ग टाळायला ती बऱ्याच जणांना देतात आणि तिच्यातलं ट्रायमेथोप्रिम किडनीच्या नळ्यांतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची वाट अडवतं. किडनीला काही झालेलं नसतं, आकडा मात्र वाढतो. स्टिरॉइडने उलटं होतं, युरिया वाढतो, क्रिएटिनिन तसंच राहतं. अंगदुखीची गोळी घेतली का, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी आणि अगदी सहज विचारतो, कारण आधी विचारला की लोक नाही म्हणतात.

याने अंगदुखीची घेतली नव्हती. खोकला होता म्हणून गावातून गोळ्या आणल्या होत्या. पाकीट खिशातच होतं. क्लॅरिथ्रोमायसिन.

इथे त्या जन्मभराच्या गोळीकडे यावं लागतं. बहुतेकांना टॅक्रोलिमस असते. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत १९८४ साली हे औषध सापडलं. आधीचं सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीतलं. दोन्ही औषधं शरीराचं सैन्य थोपवून किडनी वाचवतात आणि दोन्ही जास्त झाली तर त्याच किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतात. कमी पडली तर शरीर किडनीवर हल्ला करणार, जास्त झाली तर औषधच तिला मारणार, आणि दोन्ही वेळा रिपोर्टवर दिसणार एकच गोष्ट, वाढलेलं क्रिएटिनिन. त्यामुळे रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी बघावीच लागते. यकृतातली जी एन्झाइमं ही गोळी मोडतात, त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन अडवून धरतं. गोळी तेवढीच, पण रक्तात साठत जाते. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन याच्या नेमकं उलटं करतं, पातळी पार खाली नेतं. जुलाबांतही पातळी चढते. उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं की आमच्याकडे हे हमखास दिसतं.

मी मॅडमना दाखवलं, मॅडमनी त्याच्या संभाजीनगरच्या किडनीतज्ज्ञांना फोन लावला. पातळीचा नमुना त्याच वेळी घ्यायचा तर अडचण होती, कारण गोळी घेऊन दोन तास झाले होते. ही पातळी पुढची गोळी घेण्याच्या आधी, म्हणजे आदल्या गोळीनंतर बारा तासांनी मोजायची असते. लोक सकाळी आठला गोळी घेऊन दहाच्या गाडीने येतात, आणि तो आकडा काही कामाचा नसतो. त्याला मुक्कामाला ठेवलं, नगर नाक्यावर त्याच्या मेहुणीकडे. पहाटे गोळीच्या आधी जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं. क्रिएटिनिनला सीरम लागतं, टॅक्रोलिमसला अख्खं रक्त, कारण औषध तांबड्या पेशींत भरलेलं असतं. ट्यूब बर्फाच्या डब्यातून पुण्याला गेली. पातळी त्याच्या नेहमीच्या दुपटीच्या वर आली. अँटिबायोटिक बदललं, डोस काही दिवस उतरवला, आणि पुढच्या महिन्यात क्रिएटिनिन पुन्हा १.०५. बायोप्सीची वेळ आली नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. पैसे नाहीत म्हणून एक वेळची गोळी गाळणारे आहेत. त्यांचा आकडा १.२, १.५, १.९ असा चढतो, आणि तोपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. क्रिएटिनिन ही साक्ष उशिरा देतं, हा त्याचा मोठा दोष. त्यातले काही पुन्हा सकाळच्या पहिल्या बाकावर, फिस्टुलाचा हात मांडीवर घेऊन दिसतात. त्यांच्याशी काय बोलावं हे मला अजून नीट जमलेलं नाही.

म्हणून किडनी बसवलेल्यांच्या रिपोर्टमागे मी एक जादा पान जोडतो. मागचे सगळे आकडे तारखेसह, ओळीने. क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक आम्ल, आणि लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर. या शेवटच्या चाचणीत कचराच माप म्हणून वापरलाय. क्रिएटिनिन दिवसाला साधारण एक ग्रॅमच पडतं, तेव्हा एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती प्रोटीन गेलं हे कळलं की चोवीस तासांत किती गेलं असेल याचा अंदाज येतो. कॅन भरायची कटकट वाचते, आणि बांधावरचा प्रश्नही उरत नाही. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, हेही मी सांगतो, आणि त्यात माझा धंद्याचा स्वार्थ दिसतो हे मला माहीत आहे. पण याफेने आलेला एका लॅबचा १.२ आणि एन्झाइमने आलेला दुसऱ्या लॅबचा १.०५, हे एकाच रक्ताचे असू शकतात.

आकडा त्या-त्या माणसाचा असतो हे ऊसतोडीच्या बायकांकडे बघताना फार जाणवतं. प्रत्यारोपणाशी त्यांचा संबंध नाही, पण विषय तोच. कारखान्यावरून हंगाम संपवून आलेली पंचेचाळिशीची बाई, वजन पंचेचाळीस किलो, हाडांवर कातडी. क्रिएटिनिन १.२. रिपोर्ट वाचणारा म्हणतो, ठीक आहे, थोडंसंच वर आहे. पण तिच्या अंगात स्नायूच नाहीत, क्रिएटिनिन तयार होणार कुठून? वय-वजन धरून हिशेब केला तर किडनीचं काम मिनिटाला चाळीस-बेचाळीस मिलिलिटरवर आलेलं. तेच १.२ आखाड्यातल्या पैलवानाचं असेल तर काळजीचं कारण नाही. उन्हात दिवसभर तोडणी, पाणी कमी, संध्याकाळी अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमधल्या ऊसतोड मजुरांच्या किडन्या अशाच कामात जातात यावर जगभर लिहिलं गेलंय. बीडच्या टोळ्यांची तपासणी हंगामाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा व्हायला हवी असं माझं मत आहे. एकदाच घेतलेल्या रक्ताने इथे काहीच कळत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. किडनी बसवलेला माणूस वर्षभरात अंगाने भरतो, वजन दहा किलोने वाढतं, शेतात काम करू लागतो. तेव्हा त्याचं १.१ चं १.२ होतं. किडनी तीच असते, क्रिएटिनिन बनवणारा माणूस वाढलेला असतो. त्या जादा पानावर मी वजनाचाही रकाना टाकलाय.

आणि दात्याचा रकाना कुठेच नसतो. मुकादमासोबत त्याची आई प्रत्येक वेळी यायची, पिशवी धरून बाकाच्या टोकाला बसायची. मी एकदा विचारलं, "मावशी, तुमचं रक्त कधी तपासलं?"

"माझं कशाला? मला काय झालंय?"

एक किडनी दिल्यावर दुसरी हळूहळू आपलं काम वाढवते. दोन्हींचं मिळून जेवढं होतं त्याच्या साधारण सत्तर टक्क्यांपर्यंत पोचते. दान करण्याआधीची त्यांची फाइल मुलाच्या फाइलमध्येच होती, तेव्हाचं क्रिएटिनिन ०.७. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि बीपी, एवढं तरी बघायला सांगितलेलं असतं. त्यांनी ते घरी कुणाला सांगितलंच नव्हतं. "ह्याच्याच गोळ्याला पैसे पुरंनात," एवढंच उत्तर.

मी मॅडमच्या कानावर घातलं आणि मॅडमनी बिल लावलं नाही. क्रिएटिनिन १.० आलं. बायकांच्या रेंजमध्ये, चांदणी नाही. मागचं ०.७ होतं, म्हणजे एका किडनीच्या मानाने जिथे असायला हवं तिथे. प्रोटीन निल. बीपी मात्र १५०-९६, दोनदा मोजला तरी तेवढाच. मी कागदावर लिहून मुलाच्या हातात दिलं आणि सांगितलं, पुढच्या वेळी तुझ्या डॉक्टरांना आधी हा दाखव.

मावशी म्हणाल्या, "अन् ह्याचं किती आलं ते सांगा आधी."